एक तवा, पाच ताटं: सोलापुरातल्या एका घराच्या आहाराचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात राहणारं हे पाच माणसांचं घर. नावं मुद्दाम देत नाही. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामगार, आई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. मुलगा अकरावीत, मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आणि सासूबाई, साठी ओलांडलेल्या, माळकरी. म्हणजे घरात मांस-मच्छी नाही, अंडंही नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. सासूबाईंना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब. मुलीला सिलिअॅक, म्हणजे गहू न चालणारा आतड्याचा आजार. दोघांची मिळून कमाई महिन्याला वीस हजारांच्या आतबाहेर.

मुलीचं निदान उशिरा झालं. हिमोग्लोबिन आठाच्या खाली, लोहाचं सिरप चालू, जंताचं औषध देऊन झालेलं, तरी आकडा हलेना. वर्गात उंचीनं सगळ्यांत लहान, पोट फुगलेलं, अधूनमधून जुलाब. ‘पोरगी खातीय बघा, पण अंगाला लागंना,’ हे आईचं वाक्य माझ्या वहीत आहे तसंच लिहिलेलं आहे. एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची टीटीजी तपासणी (सिलिअॅकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी) करून घेतली, नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला गेला, आणि सिलिअॅकवर शिक्कामोर्तब झालं. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. लोह शोषलं जातं ते याच आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. तो भागच सोलवटलेला असेल तर सिरपच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करून काय होणार? याला गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर पूर्ण बंद, एवढाच उपाय. (कुणाच्या घरी अशी शंका असेल तर आपल्या मनानं आधी गहू बंद करू नका. गहू खाण्यात असतानाच तपासणी खरी येते.)

माझ्याकडे हे घर आहाराच्या सल्ल्यासाठी आलं ते निदानानंतर काही महिन्यांनी. मुलीचे जुलाब कमी झाले होते, पण थांबले नव्हते, आणि दुसऱ्या तपासणीत टीटीजी अजून बरंच वर होतं. आईच्या हातात तीन चिठ्ठ्या होत्या. एकीवर ‘ग्लूटेन-फ्री डाएट’, दुसरीवर ‘साखर, भात, बटाटा बंद’, तिसरीवर ‘मीठ कमी’. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर. पण पथ्य माणसागणिक लिहिलं जातं आणि स्वयंपाक घरागणिक होतो, त्यामुळे या बाईच्या एका शेगडीवर तीन स्वयंपाक चालले होते. नवरा आणि मुलासाठी पोळ्या, सासूबाईंसाठी भाकरी आणि अळणी भाजी, मुलीसाठी पाकिटातल्या ग्लूटेन-फ्री पिठाची रोटी. शिवाय मुलीची बिस्किटंही पाकिटातली. निदानाआधी किराणा, दूध, भाजी मिळून साडेसात हजारांत भागायचं, ते दहा हजारांवर गेलं होतं. शिलाईचे तास घटले ते वेगळेच. आणि इतकं करून आई स्वतः उरलंसुरलं खात होती. तिचं हिमोग्लोबिनही तपासून घ्यायला लावलं, तेही कमीच निघालं.

मला पहिल्या भेटीपासून एक गोष्ट दिसत होती आणि या प्रकरणात मी तीच धरून राहिले. या घराला वेगवेगळे पदार्थ नकोच होते. पाचही जणांना चालेल असा एकच स्वयंपाक हवा होता, आणि फरक करायचा तो ताटात, पातेल्यात नव्हे. सोलापुरात हे जमण्यासारखं आहे, कारण इथलं जुनं जेवणच ज्वारीवर उभं आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, तिला भौगोलिक मानांकनही आहे, याच जिल्ह्यातली; मालदांडी हे रब्बी वाण मोहोळचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर, राजगिरा, सगळी कडधान्यं, शेंगदाणे, यांत कशातच ग्लूटेन नाही. पाकिटातल्या महागड्या पिठाची या घराला एक दिवसही गरज नव्हती.

मग मुलगी आधीपासून भाकरी खात नव्हती का? खात होती की. सासूबाईंच्या तव्यावरची अर्धी भाकरी तीही घ्यायची. म्हणून शोध असा घ्यायचा होता की, गहू बंद करूनही तो येतोय कुठून.

मी घरी जाऊन डबे उघडायला सांगितले. सिलिअॅकसारख्या पथ्यात दवाखान्यात बसून विचारलेल्या प्रश्नांना अर्धीच उत्तरं मिळतात, कारण आपण काय खातो हे माणसं पदार्थाच्या नावानं सांगतात, त्यात काय पडलंय त्यानं नाही. पहिला सापडला हिंग. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं होतं, ते रोजच्या फोडणीत. दुसरं, सासूबाईंनी नातीला शक्ती यावी म्हणून केलेलं सातूचं पीठ. आपल्याकडे सातूच्या पिठात भाजलेले गहू असतात. दुधात घालायची माल्टची पावडर तिसरी. माल्ट म्हणजे मोडवलेलं जव. चौथं, शेंगोळे. हुलग्याचं पीठ नीट वळलं जावं म्हणून त्यात मूठभर कणीक घातलेली. खपलीची खीर, म्हणजे हुग्गी, ही तर ‘खपली चालते’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे सणाला खास तिच्यासाठी केली होती. खपली हाही गहूच आहे. मधुमेहासाठी लोक तिची कितीही तारीफ करोत, सिलिअॅकमध्ये ती चालत नाही.

आणि सहावं, येसर.

इथं थोडं थांबते, कारण सगळ्यांत नाजूक जागा हीच होती. येसर म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून, मसाल्यासोबत दळून केलेलं पीठ. त्याची आमटी आठवड्यातून तीन-चार वेळा व्हायची. ते सासूबाई करायच्या, त्यांच्या आईच्या हाताच्या मापानं, आणि त्यात गहू होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हंजे माझ्याच हातानं पोरीला इख घालायलोय म्हणा की,’ त्या म्हणाल्या. सून पटकन म्हणाली, ‘तसं नाही ओ आत्याबाई, कुणाला माहीत होतं?’ पण बाई उठून आत गेल्या.

त्या दिवशी मी येसराचा विषय पुढे नेला नाही. नंतरच्या भेटीत त्यांनाच विचारलं की गहू वगळून येसर जमेल का. ‘गहू काढल्यावर आमटीला अंग कशानं येणार?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो स्वयंपाकाचा खरा प्रश्न होता. उत्तरही त्यांनीच काढलं. गव्हाच्या जागी ज्वारी आणि थोडा तांदूळ, हरभऱ्याची डाळ जराशी जास्त, आणि ज्वारी मंद आचेवर गव्हापेक्षा जास्त वेळ भाजायची, लाही फुटायच्या बेतात येईपर्यंत. धणे, खोबरं, लवंग, दगडफूल पूर्वीसारखंच. आमटी दाट झाली. चवीत थोडा फरक पडला, तो त्यांना कळतो, बाकीच्यांना नाही. मला विचाराल तर या घराचं पथ्य खऱ्या अर्थानं सुरू झालं ते त्या दिवशी. तोवर पथ्य सुनेचं होतं आणि सासू पाहुणी होती.

डबे झाले. तरी एक वाट उरली होती, आणि ती घरात नव्हती. गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी. ज्वारी शुद्ध, पण तिच्या आधी त्याच दगडावर दुसऱ्या कुणाचा तरी गहू दळला गेलेला. दगडाच्या खोबणीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत पाव-अर्धा किलो पीठ सहज अडकून राहतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात येतं. आपल्याला एरवी ते कळतही नाही. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या मालात आपल्याकडे कायद्यानं किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. मुठभर गव्हाचं पीठ पाच किलो ज्वारीत मिसळलं की ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. गिरणीवाले भले गृहस्थ, ज्वारीचा दगड वेगळा आहे म्हणाले. दगड वेगळा होताही, पण हवेत पांढरा धुरळा सगळीकडे सारखाच होता.

घरघंटी घ्यायची ऐपत नव्हती. जात्याचा विचार झाला, पण पाच माणसांचं रोजचं दळण जात्यावर काढायला सांगणं म्हणजे एका थकलेल्या बाईच्या अंगावर आणखी एक काम टाकणं, ते मला पटलं नाही. वाट सापडली ती कडक भाकरीत. सोलापुरात घरोघरी बायका कडक भाकरी करून विकतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. दोन गल्ल्या सोडून अशीच एक बाई होती, तिच्याकडे स्वतःची घरघंटी आणि तिच्यावर ज्वारी-बाजरीशिवाय काहीच दळलं जात नव्हतं. किलोमागे ठरावीक पैसे घेऊन ती दळून द्यायला तयार झाली. दुकानातून आणलेली ज्वारी मात्र आधी सुपात निवडून घ्यायची, कारण पोत्यात चुकार गव्हाचे दाणे असतात. हे काम मुलगा करतो. त्यानं ते आपणहून घेतलं.

राहिला रेशनचा गहू. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३पासून फुकट, त्यात तांदूळ आणि गहू दोन्ही. तांदूळ सगळ्यांच्या कामाचा. गहू घरात आला की कणीक मळताना उडते, पोळपाटावर बसते, तव्यावर राहते. एका पोलादी तव्यावर आधी पोळी आणि मग मुलीची भाकरी, हे बंदच करायला हवं होतं. जाऊ शेजारच्याच खोल्यांत राहते, तिची चूल वेगळी. गहू तिच्याकडे ठेवायचा आणि नवऱ्याच्या डब्यातल्या पोळ्या तिच्या तव्यावर करायच्या, असं दोघींनी ठरवलं. बदल्यात जावेच्या धाकट्याला ही शाळेतून आणते. वडिलांना पोळी सोडायला लावली नाही. दिवसभर मागांवर उभा राहणारा माणूस, डब्यात त्याला पोळीच आवडते, तर खाऊ दे. घरच्या ताटात मात्र भाकरी.

आता सासूबाई. ‘भाकरीनं साखर वाढत नाही’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की लोक पोळी सोडून तीन-तीन भाकऱ्या खातात आणि साखर का उतरत नाही म्हणून विचारतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत, गव्हाच्या आट्यात ६४. ज्वारीत तंतू भरपूर, सुमारे १० ग्रॅम, पोट भरल्यासारखं राहतं, हे खरं. पण भाकरी मोजावीच लागते. सासूबाईंच्या दोन मोठ्या भाकऱ्यांच्या जागी एक मध्यम भाकरी आणि मोडाच्या कडधान्याची वाटी दुप्पट, पालेभाजी जास्त, असं ठरलं. पातेलं तेच.

मिठाचंही तसंच. अळणी भाजी वेगळी करायची नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. पाच जणांचं महिन्याला पाऊण किलोच्या आत बसायला हवं. या घरात किलोची पिशवी वीस दिवसांत संपत होती, वर पापड-लोणचं वेगळं. मी पिशवीवर फोडल्याची तारीख लिहायला सांगितली, एवढंच. भाजी-आमटीत मीठ निम्म्यावर आणलं, आणि ज्याला हवं त्यानं ताटात ठेचा किंवा शेंगाची चटणी घ्यावी. सासूबाईंनी चटणी अर्धा चमचा. पहिले आठ-दहा दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, नंतर जीभ वळली. शेजारणीनं सुचवलेलं कमी सोडियमचं मीठ घ्यायचं होतं, त्याला मी थांबवलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एकादशी. मी एकादशी सोडा असं कधीच सांगत नाही. ते माझं काम नाही, आणि पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं असं सांगणारीचं कोण ऐकेल? पण सासूबाई सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन दुपारपर्यंत फक्त पाण्यावर राहायच्या, दोनदा त्यांना घाम फुटून गरगरलं होतं. तो अशक्तपणा नव्हता, साखर खाली गेली होती. मग एकदम साबुदाण्याची खिचडी, की साखर वर. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून उपवासाच्या दिवसाचा गोळीचा हिशेब ठरवून घेतला. खायला वेळेवर थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी. साबुदाणा चमचाभर चवीपुरता.

या एकादशीनंच मुलीचा खाऊचा प्रश्न सोडवला, हे मला फार आवडलं. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांत गहू नसतोच. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भगरीचा उपमा, रताळं. हे सगळं घरात आधीपासून येत होतं, फक्त महिन्यातून दोनदा. आता मुलीच्या दप्तरात रोज असतं. चहासोबत बिस्किट-टोस्ट-खारी खायची सवय होती, तिथं दह्यात कुस्करलेली कडक भाकरी आली, वर शेंगाची चटणी. आणि चहा जेवणानंतर तासभर तरी नाही, मुलीलाही नाही आणि आईलाही नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. उलट ताटात लिंबाची फोड असली की कडधान्यातलं लोह जास्त उचललं जातं.

पैसे कुठे हलले ते सांगते. पाकिटातलं पीठ आणि बिस्किटं पूर्ण बंद. तूरडाळ महिन्याला तीन किलो यायची, म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम वीस ग्रॅम. अंडं-मटण नसलेल्या घराला हे फारच कमी. तूर दोन किलोवर आणली आणि हुलगे, मटकी, मूग, हरभरा मिळून पाच किलो वाढवले. हुलगे तुरीपेक्षा स्वस्त पडतात आणि मोड आणले की वाढतात. शेंगदाणे चार किलो. भाजी मंडईतून संध्याकाळी उशिरा, जी उतरलेली असेल ती: मेथी, चाकवत, शेपू, करडई. ज्वारी महिन्याला वीस-बावीस किलो लागते. फाल्गुनात रब्बीची रास झाली की मंगळवेढ्याकडच्या नातलगाकडून एकदम पोतं घ्यायचं, त्यासाठी आईनं भिशीतला आपला नंबर तेव्हाचा मागून घेतला. सगळं मिळून खर्च आठ हजारांच्या जवळ आला. निदानाआधीपेक्षा थोडा जास्त, कारण कडधान्य आणि शेंगदाणे वाढले. तो पैसा मी कमी करायला सांगणार नाही.

शाळेत अडचण आली नाही. दुपारची खिचडी तांदळाची, उसळही असते. आई एकदा जाऊन स्वयंपाक करणाऱ्या ताईंना भेटून आली, मसाला आणि हिंग कुठला ते बघून आली. झेंडावंदनाची जिलेबी मात्र मुलीला नाही. मुलगी ती घेते आणि भावासाठी घरी आणते. लग्नाच्या पंगतीत साधा भात आणि वरण, तेही फोडणीत हिंग नाही ना विचारून. गड्ड्याच्या यात्रेत भजी नको, कारण ज्या तेलात भजी त्याच तेलात मैद्याचं काहीतरी तळलेलं असतं.

आठ महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं, टीटीजी खूप खाली आलं, अजून पूर्ण नॉर्मल नाही. त्याला वर्ष-दीड वर्षही लागतं, घाबरायचं कारण नाही. उंची वाढायला लागली आहे. सासूबाईंची रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर उतरली, पण त्यांच्या डॉक्टरांना हवी तेवढी नाही. आंब्याच्या दिवसांत पथ्य ढळलं. आईचं रक्त सुधारलं. दूध अजून कमीच पडतं, घरात लिटरच्या वर परवडत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा नाचणीची आंबील सुरू केली आहे, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मुलाची भूक भागत नाही ही तक्रार खरी आहे. तो रात्री गाड्यावर वडापाव खातो, खाऊ दे, पण घरी आल्यावर हात धुऊनच बहिणीच्या डब्याला हात लावायचा.

एक काम राहिलंय. सिलिअॅक असलेल्या मुलाच्या सख्ख्या नात्यात तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, त्रास होत नसला तरी. म्हणून आई, वडील आणि भाऊ तिघांचीही टीटीजी करायला सांगितली होती. आईची आणि भावाची झाली, दोघांची ठीक आली. वडिलांची होत नाही. तपासणीसाठी सकाळचा खाडा केला तर दिवसाची मजुरी जाते, आणि ‘मला काय झालंय?’ हे त्यांचं म्हणणं. खरं तर घरात गहू खाणारे मुख्य तेच, वजनही कमीच आहे. रक्त द्यायला उपाशी राहावं लागत नाही, संध्याकाळी पाळी सुटल्यावरही देता येतं, हे मी या वेळी त्यांना समोर बसवून सांगितलं. पुढच्या पगाराला जातो म्हणालेत. सासूबाईंनी तारीख लिहून घेतली आहे.